कावेरीकांठचें मराठी गाणें

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं आयोवा या संस्थानांत, टर्की नांवाच्या लहानशा नदीच्या कांठीं, स्पिलव्हिल हें सुमारें चारशें वस्तीचें खेडें आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून बोहेमियांतून, म्हणजे आजच्या चेक देशांतून, जमिनीच्या शोधांत निघालेलीं कुटुंबें तेथें येऊन राहिलीं. १८६० सालीं त्यांनीं आपल्या देशाचा संत वेन्सेस्लस याच्या नांवानें प्रार्थनामंदिर उभारलें व पुढें त्यांत एक ऑर्गनहि बसविला. १८९३ च्या उन्हाळ्यांत या खेड्यांत एक मोठा पाहुणा आला. अंतोनीन ड्वोर्झाक हा चेक रचनाकार त्या वेळीं न्यूयॉर्कच्या राष्ट्रीय संगीतविद्यालयाचा संचालक होता. त्याचा चिटणीस स्पिलव्हिलच्या शाळामास्तरांचा मुलगा. त्याच्या सांगण्यावरून ड्वोर्झाक बायकामुलांसह सुटीसाठीं येथें उतरला. परक्या मुलखांत रस्त्यानें चालतांना आपली भाषा कानीं पडावी, याहून दुसरें सुख त्याला नको होतें. सकाळीं नदीकांठीं फिरावें, मग मंदिरांत जाऊन ऑर्गन वाजवावा, असा त्याचा क्रम पडला. आल्यानंतर चारच दिवसांत त्यानें चार तंतुवाद्यांसाठीं एक रचना लिहावयास घेतली. तिचा कच्चा आराखडा तीन दिवसांत व संपूर्ण रचना २३ जूनला सिद्ध झाली. आज ती जगभर ‘अमेरिकन’ या नांवानें ओळखली जाते. रचनाकार चेक, वस्ती चेक, ऐकणारे पहिले कान चेक. परंतु नांव मात्र अमेरिकन! त्या रचनेंत आयोवाच्या रानांतील एका पक्ष्याची शीळहि आहे.

देशांतर केलेल्या मंडळींच्या गाण्याचें पुढें काय होतें, हा प्रश्न मराठी घरांनाहि परका नाहीं. मुंबईच्या समोर, खाडीपलीकडे उरणच्या अंगाला, द्रोणागिरीच्या डोंगराच्या छायेंत आज त्याच नांवाची नवी वसाहत वाढते आहे. तेथील मूळच्या आगरी-कोळी गांवांत लग्नाला धवलारीण धवळे गाते. शेजारच्या उंच इमारतींत अनेक जिल्ह्यांतून व प्रांतांतून आलेलीं कुटुंबें आपापलीं गाणीं घेऊन राहतात. यांपैकीं काय टिकेल, काय एकमेकांत मिसळेल, हें आज कोण सांगणार? परंतु मराठी लोकांनीं हा प्रयोग पूर्वीं एकदां मोठ्या प्रमाणावर केलेला आहे, आणि त्याला साडेतीनशें वर्षें होत आलीं. ते ठिकाण म्हणजे कावेरीच्या त्रिभुज प्रदेशांतील तंजावर.

तंजावरला मराठे गेले ते वस्ती करावयास म्हणून नव्हे. शिवछत्रपतींचे सावत्र बंधु व्यंकोजी, ज्यांना दक्षिणेंत एकोजी म्हणतात, ते विजापूरकरांच्या चाकरींत होते. तंजावर व मदुरा येथील नायकांच्या भांडणांत विजापूरकरांनीं त्यांना फौजेसह पाठविलें, आणि १६७५-७६ च्या सुमारास त्यांनीं तंजावरची गादी स्वतःच्याच ताब्यांत घेतली. त्यांच्या मागोमाग शिलेदार, कारकून, पुराणिक, वैद्य, आचारी, मठपति आणि त्यांचीं कुटुंबें गेलीं. १८५५ त दुसरे शिवाजी पुत्रावांचून वारले व इंग्रजांनीं राज्य खालसा केलें. तोंपर्यंत म्हणजे सुमारें १८० वर्षें भोसल्यांचें घराणें तेथें नांदलें. लढाया, तह, कर्जें, अर्काटच्या नबाबाचे तगादे, यांचा इतिहास लांबलचक आहे आणि फारसा उल्हासदायक नाहीं. या घराण्याचें खरें कर्तृत्व दुसऱ्याच क्षेत्रांत आहे.

या राजांनीं एक गोष्ट केली नाहीं, आणि तिचें महत्त्व फार आहे. गादीवर बसतांच त्यांनीं दरबारच्या गाण्याची भाषा बदलली नाहीं. त्यांच्या पूर्वींचे नायक राजे तेलुगू. त्यांच्या काळापासून तेथील गाण्याची प्रतिष्ठित भाषा तेलुगू होती. प्रजा तमिळ, शास्त्र संस्कृत. मराठे आले ते या तिघींच्या शेजारीं चौथी भाषा घेऊन बसले. व्यंकोजींचे चिरंजीव शहाजी हे १६८४ मध्यें गादीवर आले. त्यांनीं तेलुगूंत पदें व ‘पल्लकी सेवा प्रबंध’ हें गेय नाटक रचलें. त्यांच्याच नांवावर मराठींतील ‘लक्ष्मीनारायण कल्याण’ हें नाटक आहे. त्यांचें ‘पंचभाषाविलास’ हें नाटक तर मुद्दाम पाहण्याजोगें. त्यांत निरनिराळ्या देशांच्या राजकन्या कृष्णावर अनुरक्त होऊन येतात व प्रत्येकजण आपल्या देशाची भाषा बोलते. संस्कृत, तमिळ, तेलुगू, मराठी व हिंदी अशा पांच भाषा एकाच रंगभूमीवर नांदतात. पांच भाषा समजणारा प्रेक्षक समोर असल्यावांचून असें नाटक कोणी लिहीत नाहीं.

मराठी नाटकाचा आरंभ विष्णुदास भाव्यांच्या सांगलींतील १८४३ च्या ‘सीतास्वयंवरा’पासून मानण्याची आपल्याकडे रीत आहे. तंजावरचीं नाटकें त्याहून दीडशें वर्षांनीं जुनीं, हें उजेडांत आल्यावर कित्येकांना फार हुरूप आला. त्यांत वावगें कांहीं नाहीं. परंतु पहिलेपणाचा हा मान जपून घ्यावयास हवा. तंजावरचें नाटक पाहून सांगलीचें नाटक निघालें असें दिसत नाहीं. एकाच घरांतील दोन भाऊ परस्परांची वार्ता नसतांना वाढावेत, तसा हा प्रकार झाला. तंजावरचें नाटक मराठी बोलतें. पण त्याचें चालणें-डोलणें दक्षिणेंतील यक्षगानाचें आहे.

याचा सर्वांत गमतीदार दाखला दुसऱ्या सरफोजीराजांच्या काळांत सांपडतो. सरफोजी १७९८ मध्यें गादीवर बसले आणि पुढच्याच वर्षीं कंपनी सरकारशीं झालेल्या तहानें त्यांच्याकडे तंजावरचा किल्ला व त्याचा परिसर एवढाच अधिकार उरला. श्वार्ट्झ नांवाच्या जर्मन मिशनऱ्याच्या देखरेखीखालीं त्यांचें शिक्षण झालें होतें. राज्यकारभार नाहीं, पैसा आहे, आणि जिज्ञासा अपार, अशा स्थितींत दुसऱ्या एखाद्यानें शिकारी केल्या असत्या. या गृहस्थानें ग्रंथ जमविले, छापखाना घातला, वैद्यकाचे प्रयोग करविले आणि ‘देवेंद्र कुरवंजी’ नांवाचें मराठी नाटक रचलें. कुरवंजी हा तमिळ मुलखांतील नृत्यनाट्याचा जुना प्रकार. त्यांत विरहिणी नायिकेकडे डोंगरांतील कुरव जातीची भविष्य सांगणारी स्त्री येते. ती आपल्या डोंगराचें, नद्यांचें, फिरलेल्या मुलखाचें वर्णन करते आणि मग हात पाहून तुझा प्रियकर येईल असें सांगते. सरफोजींनीं हा सांचा तसाच घेतला, आणि मुलखाच्या वर्णनाच्या जागीं सबंध पृथ्वीचा भूगोल घातला! त्यांची कुरवंजी जगाचीं खंडें व देश सांगते. तमिळ घाट, मराठी भाषा आणि युरोपांतून आलेली विद्या यांची अशी सांगड त्या वेळच्या हिंदुस्थानांत क्वचितच पडली असेल. शाळेंत भूगोल नाचून-गाऊन शिकविण्याची ही कल्पना आजच्या शिक्षकांनींहि विचारांत घेण्यासारखी आहे.

सरफोजींच्या दरबारांत वर्षाच्या दिवसांइतके गवई-वादक होते, अशी आख्यायिका आहे. आंकडा खरा असो वा नसो, माणसें मोठीं होतीं यांत शंका नाहीं. चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् व वडिवेलु हे चौघे बंधु याच दरबारांतले. मुत्तुस्वामी दीक्षितांचे हे शिष्य. आज भरतनाट्यम् म्हणून जें नृत्य रंगमंचावर दिसतें त्याचा क्रम — आरंभीं अलारिप्पु, मग जतिस्वर, शब्द, वर्ण, पदें व शेवटीं तिल्लाना — या बंधूंनीं नीट बसविला. याच दरबारांत नृत्यासाठीं मराठींतहि रचना झाल्या. सरफोजींच्या नांवावरील ‘कोर्व्यांचे साहित्याचे जिन्नस’ हा संग्रह त्यांचाच आहे. जतीचे बोल दक्षिणेचे, शब्द मराठी, आणि नाचणारी देवदासी तमिळ. वडिवेलुनें पाश्चात्य व्हायोलिन आत्मसात केलें. १८३४ मध्यें त्रावणकोरच्या स्वातितिरुनाळ महाराजांनीं त्याला हस्तिदंती व्हायोलिन बक्षीस दिलें. त्याच राजवाड्यांत युरोपीय वाद्यांचा बँडहि वाजे. मात्र सगळेंच श्रेय मराठ्यांना देऊन मोकळें होणें न्यायाचें होणार नाहीं. तंजावरच्या वीणेचे पडदे नायक राजा रघुनाथाच्या काळीं ठरले असें मानतात. बृहदीश्वराचें देवालय तर राजराज चोळानें १०१० च्या सुमारास पुरें केलें. मराठ्यांनीं त्या देवालयाच्या भिंतीवर १८०३ मध्यें आपल्या घराण्याचा इतिहास मराठींत कोरविला, तो बाबूराव चिटणिसानें लिहिला. इतका लांबलचक मराठी शिलालेख दुसरा दाखविणें कठीण. आणि ज्यांच्या भातावर हें सारें गाणें पोसलें, ते कावेरीकांठचे शेतकरी कोणत्याच शिलालेखांत नाहींत.

राजदरबारचें हें वैभव राजाबरोबर ओसरलें. परंतु जें गाणें दरबाराच्या बाहेर, मठांत, चौकांत, देवळाच्या ओसरीवर गेलें होतें, त्याला राज्य खालसा झाल्याची बाधा झाली नाहीं. तें गाणें म्हणजे कीर्तन.

समर्थ रामदास तंजावरला येऊन गेले अशी परंपरा आहे, आणि त्यांच्या संप्रदायाचे मठ तंजावर व मन्नारगुडीच्या बाजूला उभे राहिले. त्या मठांतून मराठी कीर्तन चाले. मन्नारगुडीचे मेरुस्वामी नांवाचे गोसावी कीर्तनकार तर त्रावणकोरच्या दरबारापर्यंत गेले. त्यांच्या गळ्याच्या गोडव्यामुळें त्यांना ‘कोकिलकंठ’ म्हणत. १८६४ च्या सुमारास रामचंद्रबोवा मोरगांवकर नांवाचे कीर्तनकार चातुर्मासांत तंजावरीं राहिले. त्यांचीं कीर्तनें ऐकावयास मराठी मंडळी जमे यांत नवल नाहीं. पण तमिळ व तेलुगू मंडळीहि जमूं लागली. दक्षिणेंत हरिकथा नव्हती असें नाहीं. मात्र तेथें पुराणिक कथा सांगे आणि गवई गाई. हीं दोन्हीं कामें बहुधा वेगळीं होतीं. मराठी कीर्तनकार एकटाच उभा राहून कथा सांगतो, गातो, पात्रांचीं सोंगें वठवितो, चिपळ्या वाजवितो, मधूनच श्रोत्यांना हंसवितो आणि पुन्हां अभंगावर येऊन ठेपतो. हा मेळ तेथल्या लोकांना नवा होता.

तंजावरच्या कृष्ण भागवतरांनीं हें तंत्र बारकाईनें न्याहाळलें आणि तमिळमध्यें आणलें. आधुनिक तमिळ हरिकथेचे जनक म्हणून त्यांचें नांव घेतलें जातें. त्यांनीं काय उचललें हें जरा तपशिलानें पाहिलें पाहिजे, कारण एका समाजाचें गाणें दुसऱ्या समाजांत कसें उतरतें याचें मर्म त्यांत आहे. मराठी शब्द त्यांनीं फार थोडे घेतले. त्यांनीं घेतले ते सांचे. साकी, दिंडी, ओवी, अभंग, पंचचामर, सवाई हीं आपल्या कीर्तनांतील छंदांचीं नांवें आजहि तमिळ भागवतरांच्या तोंडीं आहेत. साकीच्या ओळींत सोळा व बारा मिळून अठ्ठावीस मात्रा. दिंडींत नऊ व दहा मिळून एकोणीस. या छंदांत ऱ्हस्व-दीर्घाचा हिशेब असतो, शब्द कोणत्या भाषेचा याला महत्त्व नसतें. तमिळ भाषेंतहि ऱ्हस्व-दीर्घ स्पष्ट आहेत. तेव्हां मराठी कुंचींत तमिळ बाळाचें डोकें सहज मावलें.

शिवाय प्रत्येक छंदाचें कथेंतील काम ठरलेलें असतें. गद्यांत कथा सांगून कीर्तनकाराचा दम लागला, कीं संथ साकीनें त्याला विसांवा मिळतो. दोन पात्रांचा संवाद दिंडींत खुलतो. धांवपळीच्या प्रसंगीं पंचचामराची लगबग उपयोगी पडते. शेवटीं अभंग आला कीं श्रोते आपोआप टाळ धरतात. सांकेतिक खुणांची ही सर्व व्यवस्था शेंकडों वर्षांच्या अनुभवानें बसलेली; ती तयार स्वरूपांत मिळाल्यावर तमिळ भागवतरांना नंदनाराची किंवा मीनाक्षीची कथाहि तींत बसवितां आली. त्यांच्या हातांतील चिपळ्यांना तमिळमध्यें ‘चिप्ला कट्टै’ म्हणतात. कट्टै म्हणजे लांकडाचा तुकडा, चिप्ला आपलीच. पुढें सी. सरस्वतीबाईंनीं हें क्षेत्र स्त्रियांसाठीं खुलें केलें. एका ब्राह्मण स्त्रीनें उभें राहून हरिकथा करावी याला आरंभीं पुष्कळ विरोध झाला, तो त्यांच्या गाण्यानें हळूहळू मावळला.

कीर्तनाबरोबर आणखीहि कांहीं गेलें. मराठी कीर्तनकारांच्या गाण्यांतून उत्तरेकडील रागांच्या चाली तमिळ श्रोत्यांच्या कानांवर पडल्या व रुळल्या. मृदंग हें दक्षिणेचें जुनें वाद्य. पण मैफलींतील त्याची आजची प्रतिष्ठा वाढविणाऱ्यांत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांतील तंजावरचे नारायणस्वामी अप्पा यांचें नांव आदरानें घेतात. ते मराठी होते. दक्षिणेच्या भजनपद्धतींत संस्कृत, तेलुगू व तमिळ पदांच्या जोडीला तुकोबांचे व नामदेवांचे अभंग आजतागायत गाइले जातात. गाणारांपैकीं बहुतेकांना त्यांचा शब्दशः अर्थ सांगतां येणार नाहीं. उच्चारहि आपल्या कानांना चमत्कारिक वाटतात, ‘विठ्ठल’ शब्दांतील महाप्राण पुष्कळदां गळतो. पण ‘विट्टला’ म्हणून सभागृह डोलूं लागतें, तेव्हां व्याकरणाची चौकशी करणारा माणूस अरसिकच ठरेल.

सांबार हा पदार्थ संभाजीच्या नांवावरून तंजावरच्या मुदपाकखान्यांत निघाला, ही गोष्ट मात्र सर्वत्र सांगितली जात असली तरी तिला भक्कम पुरावा नाहीं. चवदार कथा आहे एवढेंच.

आतां ज्यांनीं हें सारें नेलें त्या घरांची स्थिति पाहूं. तंजावर, कुंभकोण, चेन्नई, बंगळूर येथें पसरलेलीं तंजावरी मराठी कुटुंबें घरांत अजून मराठी बोलतात. तींत जुने शब्द आहेत आणि वाक्याची ठेवण तमिळकडे झुकलेली आहे. पुण्यामुंबईचा माणूस ती पहिल्यानें ऐकतांना गोंधळतो. लेखन-वाचन बहुतेक तमिळमध्येंच. मोडी तर दूरच राहो, बाळबोध लिपीहि पुष्कळ घरांतून गेली. सरफोजींनीं वाढविलेलें सरस्वती महाल ग्रंथालय १९१८ पासून सर्वांना खुलें आहे. तेथें सुमारें तीन हजार मराठी हस्तलिखितें आहेत. तीं ज्यांच्या पूर्वजांसाठीं लिहिलीं गेलीं, त्यांच्यापैकीं फार थोड्यांना तीं आज वाचतां येतील. नवी पिढी नोकरीनिमित्त आणखी दूर जाते, लग्नें इतर भाषिकांशीं होतात, आणि घरांत तमिळ किंवा इंग्रजी स्थिरावते. याबद्दल कोणाला दोष देतां येणार नाहीं. स्पिलव्हिलच्या चेक घरांतहि पिढ्या उलटतां उलटतां इंग्रजीच आली. भाषा टिकावयास ती बोलणारें घर रोज लागतें. चाल मात्र परक्या गळ्यांतहि घर करते. तमिळ भागवतरांनीं दिंडी आपलीशी केली नसती, तर ती तंजावरांतून मराठी भाषेच्याहि आधीं नाहींशी झाली असती.

या देवघेवीचा एक प्रवाह उलट दिशेनेंहि वाहिला. १८८० मध्यें बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांचा विवाह तंजावरच्या राजघराण्यांतील लक्ष्मीबाईंशीं झाला. सासरीं त्यांचें नांव चिमणाबाई ठेवलें. त्यांच्याबरोबर आंदणांत तंजावरच्या नर्तकी, त्यांना नाच शिकविणारे नट्टुवनार आणि वादक असा मेळा बडोद्यास आला. गौरा व कांतिमति या नर्तकींचीं नांवें तेव्हांपासून ज्ञात आहेत. मराठी राजांच्या पदरीं वाढलेलें तमिळ नृत्य अशा रीतीनें मराठी राज्यांत, गुजराती मुलखांत, दाखल झालें. चिमणाबाई १८८५ मध्यें अकालीं वारल्या, पण हा मेळा बडोद्यांतच राहिला. कांतिमतीचे पुत्र कुबेरनाथ यांनीं पुढें बडोद्याच्या विद्यापीठांत नृत्य शिकविलें. ते तमिळ वंशाचे. त्यांचें आडनांव मात्र आपल्या ‘पुणेकर’, ‘सातारकर’ यांच्या धर्तीवर तंजोरकर असें पडलें.